आखनचा रविवार

जर्मनीतल्या आखनला शिकायला पोचले तो शनिवार होता. विमान, मग गाडी, मग दोन बॅगा ओढत वसतिगृहाचा चढ. रात्री घरच्या चिवड्याचा उरलासुरला चुरा खाल्ला आणि सकाळी उठून दूध-ब्रेड आणू, असा साधा बेत करून झोपले. सकाळी बाहेर पडले तर रस्ता सामसूम. सुपरमार्केटमध्ये अंधार, औषधाचं दुकान बंद, चपलांचं बंद, मोबाइलचं बंद. संचारबंदी लागली आणि आपल्याला कुणी सांगितलंच नाही, असं वाटावं इतकी शांतता; मध्येच चर्चच्या घंटा. शेवटी कुत्रं फिरवायला निघालेल्या एका आजोबांना विचारलं. त्यांनी माझ्याकडे जरा करुणेनंच पाहिलं आणि एक शब्द उच्चारला, "झोनटाग." रविवार.

स्टेशनवरच्या दुकानात दूध मिळालं, पण चांगलंच महाग. ते पीत बाकावर बसले होते तेव्हा हा सारा गावाचा आळशीपणा आहे, असं माझं ठाम मत झालं होतं. ते चुकीचं होतं.

जर्मनीत रविवार राज्यघटनेत आहे. १९१९च्या वायमार घटनेच्या १३९व्या कलमाने रविवार आणि सार्वजनिक सुट्ट्या यांना विश्रांतीचे आणि मनाच्या उन्नतीचे दिवस म्हणून संरक्षण दिलं. १९४९ साली नवी घटना झाली तेव्हा तिच्या १४०व्या कलमातून हे वाक्य तसंच्या तसं आत घेतलं गेलं. रविवारच्या बाजूने चर्च उभं राहणार हे उघडच आहे. पण कामगार संघटनाही तितक्याच ठामपणे उभ्या असतात, कारण एक दुकान उघडं म्हणजे चारजणांची सुट्टी गेली. बर्लिन राज्याने नाताळाआधीचे चारही रविवार दुकानांना मोकळे करून दिले होते. चर्च न्यायालयात गेली आणि २००९मध्ये घटना न्यायालयाने ती मोकळीक घटनेला धरून नाही, असा निकाल दिला. सूट आहे ती स्टेशनं, विमानतळ, पेट्रोल पंप यांना आणि सकाळचे काही तास बेकऱ्यांना. हे दुकानांपुरतं थांबत नाही. रविवारी भिंतीला ड्रिल लावायचं नाही. रिकाम्या बाटल्या काचेच्या कचरापेटीत टाकायला जायचं नाही, कारण खळ्ळकन आवाज होतो आणि शेजारची बाई गॅलरीत येऊन उभी राहते.

परदेशी शिक्षणाच्या आपल्याकडच्या गप्पांत विद्यापीठाचा जागतिक क्रमांक, व्हिसा आणि नंतरचा पगार, एवढंच येतं. माझ्या तिथल्या दोन वर्षांना आकार दिला तो मात्र या बंद रविवारने. आठवड्याचं घर सहा दिवसांत उरकायचं, हे त्याने शिकवलं. आणि सातव्या दिवशी करण्यासारखं काहीच नाही म्हणून गावाबाहेर काढलं.

आता जर्मनीला जाणारी मुलं घरोघरी आहेत. २०२२-२३च्या हिवाळी सत्रात तिथे ४२ हजारांहून जास्त भारतीय विद्यार्थी होते, आणि त्या वर्षी परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांनी चिनी विद्यार्थ्यांना पहिल्यांदा मागे टाकलं. पुढच्याच वर्षी हा आकडा ४९ हजारांच्या वर गेला. पुण्यात तर मॅक्सम्युलर भवनातला जर्मनचा क्लास हा बारावीनंतरच्या क्लाससारखाच एक टप्पा होऊन बसला आहे. ओढ कशाची, हे सांगायला नको. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने २०१७पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो लावले, म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४पासून त्याहून बरेच जास्त. आखन ज्या नोर्डऱ्हाईन-वेस्टफालन राज्यात आहे तिथे मात्र सत्राच्या वर्गणीवर भागतं. या वर्गणीकडे पुढे येतेच.

फी नाही म्हणजे फुकट, असा समज करून निघणाऱ्याला पहिला धक्का 'श्पेअरकाँटो' देतो. कुलूपबंद खातं. वर्षभराचा खर्च व्हिसाच्या आधीच या खात्यात भरून दाखवायचा. सप्टेंबर २०२४पासून तो ११,९०४ युरो आहे. खात्याचं कुलूप दर महिन्याला ९९२ युरोंपुरतंच उघडतं. पैसे आपलेच, पण लग्नातल्या आहेरासारखे आत्याच्या ताब्यात. दर महिन्याच्या एक तारखेला वसतिगृहातल्या भारतीय मुलांच्या चेहऱ्यावर जो उजेड दिसायचा, तो या आत्यामुळे.

त्या ९९२मधला मोठा वाटा खोली खाते. इथे भाड्याला तापमान असतं. थंड भाडं म्हणजे नुसत्या चार भिंतींचं; गरम भाडं म्हणजे हीटर, पाणी, जिन्याची झाडलोट धरून. जाहिरातीत थंड आकडा वाचून हुरळलेली मंडळी मी पाहिली आहेत. त्यातली एक मीच. वसतिगृह मिळालं नाही तर 'वेगे', म्हणजे तीन-चारजणांनी मिळून घेतलेलं घर. त्यासाठी आधीच्या भाडेकरूंसमोर मुलाखत द्यावी लागते. मला एका घरात विचारलं होतं, रागावल्यावर तू काय करतेस? नोकरीच्या मुलाखतीतही इतका अवघड प्रश्न पुढे कुणी विचारला नाही. मी म्हटलं, भांडी घासते. खोली मिळाली.

खोली मिळाल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत जाऊन पत्ता नोंदवायचा. ही 'आनमेल्डुंग'. त्यासाठी घरमालकाचं पत्र लागतं. नोंदणीनंतर कर क्रमांक येतो. तो दिल्याशिवाय नोकरीत पगार नीट निघत नाही. आणि वास्तव्याचा परवाना या सगळ्या कागदांवर उभा असतो. आपल्याकडे माणूस ओळखीने सापडतो, तिथे तो पत्त्याने सापडतो. टपालपेटीवर आपलं आडनाव चिकटवलेलं नसेल तर पोस्टमन पत्र परत घेऊन जातो, आणि महत्त्वाचं सगळं अजूनही पत्रानेच येतं. माझं सहा अक्षरांचं आडनाव त्या पट्टीवर मावेना. शेवटी दोन ओळींत लिहिलं.

जेवणाची सोय 'मेन्झा'त. विद्यापीठाची खानावळ एवढंच तिचं वर्णन केलं तर अन्याय होईल. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत विद्यार्थ्यांची अक्षरशः उपासमार होत होती. तेव्हा विद्यार्थी आणि प्राध्यापक यांनी मिळून स्वस्त जेवण, निवारा आणि काम यांची व्यवस्था उभी केली, १९२१मध्ये तिची देशपातळीवर संघटना झाली. आजची विद्यार्थी-सेवा मंडळं तिथूनच आली; वसतिगृहं आणि मेन्झा तीच चालवतात. ताटाचे भाव तीन : विद्यार्थ्याला सर्वांत कमी, कर्मचाऱ्याला त्याहून जास्त, पाहुण्याला सर्वांत जास्त. दोन ते चार युरोंत पोट भरतं. बटाटा रोज असतो, तिखट कधीच नसतं. ओळखपत्र मशिनला लावलं की पैसे कापले जातात, आणि त्या 'टिक्' आवाजाने आपण इथले आहोत असं पहिल्यांदा वाटतं.

अभ्यासाबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं नवल कमी आणि सोसण्यासारखं जास्त आहे. हजेरी बहुतेक तासांना कुणी घेत नाही. मधल्या चाचण्या नाहीत. सत्राच्या शेवटी एकच परीक्षा, आणि तिच्यावर सगळं. एका विषयात बहुतेक ठिकाणी तीनदा बसता येतं; तिसऱ्यांदा नापास झालं की तो अभ्यासक्रमच सुटतो. जुन्या विद्यापीठांत वेळापत्रकात दहा लिहिलं असलं तरी तास सव्वादहाला सुरू होण्याची रीत आहे. या पंधरा मिनिटांना 'शैक्षणिक पाव तास' म्हणतात. वक्तशीर म्हणून गाजलेल्या देशाने उशिराला असं नाव देऊन प्रतिष्ठित केलेलं पाहून मला फार आपलेपणा वाटला.

गुणांचं गणित उलटं. १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास, ५.० नापास. पहिल्या सत्रानंतर आईला फोन केला.

"आई, दीड पडला."

"दीडच? कितीपैकी?"

"अगं, कमी तितकं चांगलं असतं इथे."

फोनवर थोडी शांतता. मग, "बाबांना नको सांगू आत्ता. बीपीची गोळी घेऊन झाली की सांगू."

काम करायला परवानगी आहे, पण मोजून. मार्च २०२४पासून परदेशी विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. आधी ही मर्यादा १२० आणि २४० होती. प्रयोगशाळेत प्राध्यापकांच्या हाताखाली मदतनीस झालं तर त्याला 'हिवी' म्हणतात, आणि हिवी मिळाली की वसतिगृहात पेढे वाटण्याइतका आनंद. नाही मिळाली तर गोदाम, हॉटेल, पहाटेची पार्सलं.

शनिवार म्हणजे धावपळ. कपड्यांचं मशिन, आठवड्याचा बाजार, आणि बाटल्या. पाण्याची किंवा सरबताची प्लास्टिकची बाटली घेतली की तिच्यावर २५ सेंट अनामत असते. २००३पासूनचा हा नियम. रिकामी बाटली सुपरमार्केटच्या मशिनमध्ये घातली की पावती येते, ती गल्ल्यावर वळती. चाळीस बाटल्या साठवल्या की दहा युरो. महिनाअखेरीला खोलीभर बाटल्या शोधणं हा आमचा सामुदायिक छंद होता. भाजीसाठी मात्र सगळ्यांची पावलं तुर्की दुकानाकडे वळायची. कोथिंबिरीची खरी जुडी, भेंडी, वांगी तिथे मिळतात, आणि मालक 'हिंदिस्तान?' म्हणून चार मिरच्या वर टाकतो. ज्याच्या दुकानात वर टाकणं टिकून आहे तो माणूस आपल्याच मुलखातला.

आता त्या वर्गणीबद्दल.

दर सत्राला विद्यापीठात जे तीन-साडेतीनशे युरो भरावे लागतात, त्यांचा सर्वांत मोठा भाग प्रवासाच्या तिकिटाचा असतो. ही कल्पना १९९१मध्ये डार्मश्टाटच्या विद्यार्थ्यांपासून सुरू झाली. तत्त्व सरळ आहे : सगळ्यांनी भरायचं, मग कुणी रोज गाडीने येवो नाहीतर पायी. गणपतीची वर्गणीच ही. जो आरतीला येत नाही त्याचीही पावती फाडायची, म्हणून मंडप सगळ्यांना परवडतो. पायी येणाऱ्यांनी कुरकुर केली, प्रकरण न्यायालयांत गेलं, पण तत्त्व टिकलं. पुढे देशभर एक मोठी गोष्ट घडली. इंधन महागलं म्हणून २०२२च्या जून ते ऑगस्टमध्ये सरकारने महिन्याला अवघ्या ९ युरोंत देशभराचं तिकीट काढलं. लोक इतके फिरले की ते बंद करणं जड गेलं. १ मे २०२३पासून ४९ युरोंचं 'डॉइचलांडटिकेट' आलं, जानेवारी २०२५मध्ये ते ५८ झालं. विद्यार्थ्यांना २०२४च्या उन्हाळी सत्रापासून ते ६० टक्के किमतीत मिळू लागलं : महिन्याला २९ युरो ४० सेंट, २०२५मध्ये ३४ युरो ८० सेंट. या पैशांत जर्मनीभरच्या सिटी बस, ट्राम, मेट्रो आणि प्रादेशिक गाड्या. उत्तर समुद्रापासून आल्प्सच्या पायथ्यापर्यंत.

मेख एकच. वेगवान लांब पल्ल्याच्या गाड्यांना हे तिकीट चालत नाही. त्यामुळे आखन ते बर्लिन हा पाच-सहा तासांचा प्रवास विद्यार्थी दहा-अकरा तासांत, चार-पाच गाड्या बदलत करतो. पुढची गाडी चुकू नये म्हणून डब्यात कुठल्या टोकाला बसायचं याचंही शास्त्र तयार होतं. लांब पल्ल्याच्या गाड्यांचं २०२४मधलं वक्तशीरपणाचं प्रमाण ६२.५ टक्के होतं, आणि त्यातही सहा मिनिटांच्या आत आलेली गाडी वेळेवर धरतात. रद्द झालेली गाडी तर हिशेबातच येत नाही. प्रादेशिक गाड्या याबाबतीत बऱ्याच बऱ्या. स्टेशनात शिरायला फाटक नसतं, फलाट सताड उघडे. पण तपासनीस कधीही समोर येतो आणि तिकीट नसेल तर ६० युरो दंड. या चोरट्या प्रवासाला जर्मनमध्ये 'काळा प्रवास' म्हणतात. गाडी उशिरा आली म्हणून कधी चिडले नाही. मुंबईच्या मावशीकडे सुट्ट्या काढलेल्या मुलीला ते शोभलं नसतं. एकदा माझाच फलाट चुकला आणि निघाले होते बॉनला, पोचले भलत्याच खाणगावात. तिथेही झोनटाग.

या प्रवासांतली शिदोरी दशम्यांची. दुधात भिजवलेली कणीक दोन दिवस मऊ राहते, आणि रविवारी परगावी खायला काय मिळेल याची खात्री नसते, म्हणून आजीचा तीर्थयात्रेचा हा पदार्थ आमच्या वेगेत घट्ट रुजला. माझी इराणी मैत्रीण त्यावर चीज घालून खायची. आजीला सांगितलं नाही.

पहिली रविवारची वारी सगळ्यांची कोलोनची. आखनहून तासाभरात गाडी स्टेशनात शिरते आणि बाहेर पाऊल टाकलं की समोर थेट कॅथीड्रल, १५७ मीटर उंच. १२४८मध्ये सुरू झालेलं हे बांधकाम पुरं झालं १८८०मध्ये. आपल्या प्रबंधाच्या मुदतवाढीबद्दल मार्गदर्शकांना काय सांगावं, हे तिथे उभं राहून सुचतं.

कोलोनहून आणखी अर्ध्या तासावर बॉन. मराठी माणसाला तिथे जायला वेगळं कारण आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनला शिकत होते तेव्हा, १९२१च्या एप्रिलमध्ये, त्यांनी बॉन विद्यापीठातही नाव नोंदवलं होतं. तिथल्या तासांना हजर राहणं मात्र जमलं नाही आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला ते नाव कमी झालं. एका वेळी लंडनमध्ये अर्थशास्त्राचा प्रबंध, बॅरिस्टरीचा अभ्यास आणि वर जर्मनीत नोंदणी. माणसाची भूक किती असावी! याच विद्यापीठात १८१८मध्ये आउगुस्ट विल्हेल्म श्लेगल यांच्यासाठी जर्मनीतलं संस्कृतचं पहिलं अध्यासन निघालं, आणि १८२३मध्ये त्यांनी तिथे भगवद्गीता देवनागरीत छापली, सोबत लॅटिन भाषांतर. त्या पिवळ्या इमारतीसमोरच्या हिरवळीवर मुलं पालथी पडून वाचत होती. दारं अर्थात बंद.

आखनमध्येही पाहण्यासारखं थोडं नाही. शार्लमेन राजाची ही राजधानी. ८१४मध्ये तो इथेच गेला आणि त्याने बांधलेल्या चर्चमध्येच त्याला पुरलं. ९३६ ते १५३१ या काळात जर्मन राजांचे राज्याभिषेक इथे होत. १९७८मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाची पहिली यादी केली तेव्हा तिच्यातल्या बारा स्थळांत हे चर्च, म्हणजे आजचं कॅथीड्रल, होतं. राजा इथे रमला तो गरम झऱ्यांसाठी. गावाच्या मध्यावर आजही गंधकाचं पाणी वाहतं, सडक्या अंड्यांसारखा वास येतो, आणि ज्याने गणेशपुरीची कुंडं पाहिली आहेत त्याला तो वास क्षणात घरी नेतो.

पण माझा नेहमीचा रविवार फाल्सचा. आखनच्या पश्चिमेला सिटी बस अर्ध्या तासात नेदरलँड्समधल्या या गावात नेऊन सोडते. कमान नाही, चौकी नाही. घरांच्या पाट्यांवरची भाषा बदलते आणि सायकली वाढतात, एवढीच खूण. पासपोर्ट आणि वास्तव्याचा परवाना मात्र खिशात हवा. जर्मन परवान्यावर शेंगेनच्या इतर देशांत १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं, आणि सप्टेंबर २०२४पासून जर्मनीने आपल्या सगळ्या भू-सीमांवर पुन्हा अधूनमधून तपासणी सुरू केली आहे. फाल्सचं खरं आकर्षण सांगायला जरा संकोच वाटतो. तिथलं सुपरमार्केट रविवारी उघडं असतं. शनिवारी विसरलेलं दूध, कांदे, अंडी घेण्यासाठी अर्धं आखन देश ओलांडतं, आणि जर्मन घटनेचं १४०वं कलम पाच किलोमीटरवर संपतं.

पिशवी तशीच पाठीवर टाकून मी टेकडी चढायचे. वर तीन देशांचा बिंदू आहे : जर्मनी, नेदरलँड्स आणि बेल्जियम. उंची ३२२ मीटर. मुख्य भूमीवरचं नेदरलँड्सचं हे सर्वांत उंच ठिकाण. पर्वतीहून जास्त चढ नाही, पण डच कुटुंबं जणू कळसूबाई सर केल्यासारखी फोटो काढतात. त्यांना हसण्यात अर्थ नाही. ज्यांचा चतुर्थांश देश समुद्रसपाटीखाली आहे, त्यांना ही चढण मानाचीच.

या बिंदूबद्दलची एक गोष्ट मला फार उशिरा कळली. पूर्वी इथे चार सीमा मिळत होत्या. नेपोलियनच्या पाडावानंतर प्रशिया आणि नेदरलँड्स यांनी नकाशा वाटून घेतला, पण जवळच्या केल्मिस गावात जस्ताची मोलाची खाण होती. ती कुणीच सोडेना. मग १८१६मध्ये दोघांनी साडेतीन चौरस किलोमीटरचा तेवढा तुकडा कुणाचाच नाही असं ठरवून टाकलं. त्याचं नाव तटस्थ मोरेस्ने. पुढे बेल्जियम स्वतंत्र झाला आणि नेदरलँड्सच्या जागी भागीदार बनला. खाण संपली तरी तुकडा राहिला. १९०८मध्ये तिथल्या एका डॉक्टरांनी आणि त्यांच्या मित्रांनी तर तिथे एस्पेरांतो या बनवलेल्या भाषेचं राज्य करायचा घाट घातला होता. महायुद्ध आलं, आणि १९२०मध्ये मोरेस्ने बेल्जियमला मिळालं. भावकीच्या वादात पडून राहिलेली पडीक जमीन आपण पाहिलेली असते. पण तिचं शंभर वर्षं राष्ट्र झालेलं हे एकच.

उतरताना फाल्सकडे येणाऱ्या रस्त्यावर पाटी आहे. चार सीमांचा रस्ता, असंच नाव अजून तिच्यावर आहे. चौथी सीमा जाऊन शतक उलटलं, पण पाटी कुणी बदलली नाही. तिच्या खाली पिशवी टेकवून मी दुधाच्या पिशव्या नीट लावून घ्यायचे आणि आखनच्या बसकडे निघायचे. सोमवारी सव्वादहाला तास असायचा.